आतलं पुसायचं, बाहेरचं सांगायचं

"बघायचं काय त्यात? तुझाच आहे ना फोन," मैत्रीण म्हणाली आणि तिच्यापुरता विषय संपला. मी नवा फोन घेतला होता, जुना व्यवस्थित चालत होता आणि तिचा बोलता बोलता बंद पडायला लागला होता. तेव्हा माझा जुना तिने विकत घ्यावा हे आमच्यात कुणी ठरवण्याआधीच ठरून गेलं. स्टोरेज किती, बॅटरी कशी आहे, कधी पडला होता का, काही म्हणजे काही विचारलं नाही तिने. हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. "पुढच्या आठवड्यात दे, घाई नाही," एवढंच. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोकं कुरतडत राहिलं. तुझाच आहे ना. म्हणजे फोन कसा असेल हे ती माझ्यावरून ठरवत होती. आणि मी त्या फोनशी कशी वागले आहे, हे तिला कुठे माहीत होतं?

अनोळखी माणसाला फोन विकणं सोपं. तो येतो तोच संशय घेऊन. फोन उलटासुलटा करतो, कडांवरून नख फिरवतो, कॅमेरा उघडून छताचा फोटो काढतो आणि तो मोठा करकरून बघतो, गाणं लावून स्पीकर कानाशी नेतो, स्वतःच्याच नंबरवर फोन लावून हॅलो हॅलो करतो. आपण समोर हाताची घडी घालून उभे. विचारलं तेवढं सांगायचं, न विचारलेलं आपण होऊन काढायचं नाही, हे दोघांनाही मान्य असतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. विकणाऱ्याला गाडीची नस न नस माहीत, घेणाऱ्याला काहीच नाही. म्हणून घेणारा वाईटात वाईट धरून चालतो आणि भाव पाडतो. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो त्या भावाला विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो गाळ. २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेलच्या मुळाशी हेच काम होतं. मला ते पूर्ण पटतं, फक्त त्यात मैत्रीण कुठे नाही. मैत्रीण चांगल्यात चांगलं धरून चालते. भाव पाडत नाही, नख फिरवत नाही. संशय घेण्याचं काम ती आपल्यावर टाकून मोकळी होते, आणि मग आपलीच वस्तू आपल्यालाच उलटीसुलटी करून बघत बसावं लागतं.

तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी गिऱ्हाईक होऊन बसले.

आधी कव्हर काढलं. आत कडेकडेने बारीक काळपट धुळीची रेघ धरलेली होती, आणि तिच्या पलीकडे फोनचा मूळ रंग. हा रंग पाहून मी घेतला होता हा फोन! दुकानातून घरी येताच कव्हर चढवलं, त्यानंतर तो रंग मी फारसा पाहिलाच नव्हता. आता तो नवाकोरा निघाला, आणि मी तो दुसऱ्या कुणाला देणार होते. काचेवरचं संरक्षक टेम्पर्ड ग्लास सोलताना कडकड आवाज करत तीन तुकड्यांत आलं. त्याच्या कोपऱ्यात एक कोळ्याच्या जाळ्याचा तडा होता, पण खालची खरी काच शाबूत. जिवात जीव आला. मग काचेवरून बोट फिरवून पाहिलं. नव्या काचेवर तेलकटपणा न धरणारा एक अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे बोट घसरत जातं. वरच्या बाजूला अजून घसरत होतं, खालच्या उजव्या भागात मात्र अडखळलं. माझा अंगठा रोज जिथून फिरतो तिथला थर झिजून गेला होता. संरक्षक काच बसवायच्या आधीचा तो काळ. नव्या फोनवर काही चिकटवायला मन होत नाही म्हणून मी बरेच दिवस तसाच वापरला होता.

चार्जिंगच्या भोकाकडे वळले. केबल एका कोनात धरली की चार्ज होतो, सरळ ठेवली की नाही, हे दुखणं मला माहीत होतं. ते तसंच तिच्या गळ्यात मारणं बरोबर नव्हतं. फोन बंद केला, लाकडी दातकोरणीचं टोक आणखी बारीक केलं आणि अलगद आत फिरवलं. धातूचं काही घालायचं नसतं, आत पिना असतात. सुरुवातीला काही नाही, मग करडा, घट्ट दाबलेला लोकरीचा एक पापुद्रा निघाला, मग आणखी एक. पर्समधली, खिशांमधली, उशाखालची सगळी तंतू-धूळ, दर वेळी केबल खुपसून मीच ठासत नेलेली. शेवटचा पापुद्रा निघाल्यावर केबल घातली तर 'टक' असा आवाज आला. तो आवाज मी विसरूनच गेले होते. एवढं बरं वाटलं की क्षणभर फोन विकू नये असंही मनात येऊन गेलं.

मग पडदा. पडद्याचा दोष शोधायचा तर सबंध राखाडी रंगाचं चित्र लावायचं आणि प्रकाश वाढवायचा. लावलं. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग डोळे सरावले तसा खालच्या तिसऱ्या हिश्शात कीबोर्डचा पुसट आराखडा वर आला. अक्षरं वाचता येत नव्हती, पण ओळी दिसत होत्या आणि खालची लांब स्पेसची पट्टी तर स्पष्ट. ओएलईडी पडद्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच म्हातारा होतो, त्यातही निळा ठिपका लाल-हिरव्याच्या आधी. एकच चित्र एकाच जागी वर्षानुवर्षं राहिलं की तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त थकतात आणि त्या चित्राची सावली कायमची बसते. व्हिडिओ बघणाऱ्यांच्या फोनवर वाहिनीचा लोगो उमटतो, रस्ता शोधत हिंडणाऱ्यांच्या फोनवर नकाशाची पट्टी. माझ्यावर कीबोर्ड उमटला होता. मी या फोनवर काय केलं, तर टाइप केलं. एवढी वर्षं कुणाकुणाशी काय काय टाइप करत बसले असेन, तो विचार तिथे नुसता येऊन गेला. त्याची पाळी नंतर आली.

सिम ठेवायचा ट्रे पिनेने बाहेर काढला आणि त्या फटीत टॉर्चचा उजेड टाकला. बऱ्याच फोनमध्ये आत एक इवलीशी पांढरी पट्टी चिकटवलेली असते. पाणी लागलं की ती लाल होते, आणि दुरुस्तीवाले फोन उघडायच्या आधी तीच बघतात. माझी पांढरी होती, पण एका कडेला गुलाबी झाक. आता ही झाक कधीची? तो पाऊस, ज्यात बॅगच भिजली होती? की अंघोळीच्या वेळी गाणी ऐकण्यासाठी फोन न्हाणीघरातल्या फळीवर ठेवायचे, ती वाफ? खोक्यावर आयपी ६८ असं छापलेलं होतं. त्यातला सहा धुळीसाठी, आठ पाण्यात बुडण्यासाठी. पण ती परीक्षा नव्या फोनची असते, गोड्या पाण्यातली, प्रयोगशाळेतली. साबण, वाफ, उष्णता, पडणं-झडणं, या सगळ्यांनी आतली रबरी सील ढिली होत जातात, आणि आकडा मात्र खोक्यावर तसाच राहतो. फोन आजवर कधी त्या पाण्यावरून रुसला नाही. अनोळखी गिऱ्हाईकाला मी ही पट्टी दाखवली असती का? नसती. त्याने टॉर्च काढला असता तर त्याने पाहिली असती. तिच्या बाबतीत टॉर्च माझ्या हातात होता.

बॅटरीची क्षमता नव्या बॅटरीच्या ऐंशी टक्क्यांच्या जरा वर निघाली. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीने आणली, आणि तिच्यामागच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजवरचे सर्वांत वयस्क नोबेलविजेते. माणूस ९७ व्या वर्षी ताठ उभा राहतो आणि त्याची बॅटरी चौथ्या वर्षी दुपारी तीनला मान टाकते, याचं मला हसू येतं. कारण साधं आहे. दर चार्जिंगला आतल्या एका टोकावर रासायनिक थर थोडाथोडा जाड होत जातो आणि वाहतुकीला उपलब्ध लिथियम थोडंथोडं त्यात अडकून पडतं. उष्णतेने हे लवकर होतं, शंभर टक्के भरून तासन् तास ठेवल्यानेही लवकर होतं. मी रात्रभर चार्जिंगला लावायची आणि वर उशी. म्हणजे दोन्ही केलं. ऐंशी हा आकडा या धंद्यात तसाही उंबरठा धरतात, तिथून खाली गेली की बॅटरी बदला म्हणतात. माझी त्या उंबरठ्यावर एक पाय टाकून होती.

हे सगळं तिला सांगायचं, असं ठरवून टाकलं. अंगठ्याची झीज, कीबोर्डची सावली, गुलाबी कड, बॅटरी. राहिलं आतलं, आणि तिथे नियम बरोबर उलटा होतो. तिथे तिला काहीच कळता कामा नये.

फोन विकण्याआधी नीट पुसावा हे सगळे सांगतात, पण सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर चोर असतो. बँकेचं अ‍ॅप, पासवर्ड, ओळखपत्रांचे फोटो. २०१४ साली अवास्ट या कंपनीने इंटरनेटवरून २० वापरलेले फोन विकत घेतले आणि मूळ मालकांनी पुसलेले ४०,००० हून जास्त फोटो त्यातून परत काढून दाखवले. त्यात लहान मुलांचे होते, अंगावर कपडे नसलेल्या लोकांचे होते, शिवाय मेल, संदेश, शोधलेले शब्द. तेव्हा ती बातमी वाचून अंगावर काटा आला होता. आता विचार करते तेव्हा वाटतं, ज्यांनी ते फोटो परत काढले त्यांच्यासाठी ते चेहरे कुणाचेच नव्हते. मोजले, आकडा लिहिला, झालं. परक्याच्या हाती फोन गेला तर भीती पैशांची. मैत्रिणीच्या हाती जाणार असला की भीती वाक्यांची. तिला प्रत्येक चेहरा ओळखता येतो, प्रत्येक टोपणनाव लागतं, कुठली तारीख कुठल्या भांडणानंतरची हे समजतं. परक्याला चाळीस हजार फोटोंतून जे मिळणार नाही ते तिला एका ओळीत मिळेल.

आणि ती ओळ होती. आमची एक तिसरी आहे. बहुतेक मैत्र्यांना अशी एक तिसरी असते, जिच्याकडे दुसरीबद्दल बोलता येतं. ऐन वेळी भेट रद्द करायची, ही फोन घेणाऱ्या मैत्रिणीची जुनी खोड. एकदा मी तयार होऊन, चपला घालून दारात उभी असताना तिचा निरोप आला, 'आज नको गं, कंटाळा आलाय.' मी दारातच उभ्या उभ्या तिसरीला लिहिलं, 'हिला आपलं काही पडलेलंच नसतं.' त्याखाली आणखी बरंच, कारण एकदा सुटलं की सुटतं. तिसरीचं उत्तर, 'जाऊ दे, तिचं असंच असतं.' आणि अर्ध्या तासाने मीच हिला लिहिलेलं, 'मग उद्या जमेल का?' सोबत हसरा चेहरा. दोन्ही संभाषणं एकाखाली एक, एकाच पडद्यावर, त्याच कीबोर्डने टाइप केलेली. जे लिहिलं ते त्या वेळी खरं होतं. हसरा चेहराही खरा होता. पण या दोन खऱ्या गोष्टी एकत्र वाचायचा हक्क माझ्याशिवाय कुणालाच नाही, आणि तिला तर अजिबात नाही.

गंमत म्हणजे आजचा फोन 'पुसून टाक' म्हटल्यावर खरं तर फारसं पुसतच नाही. फोनच्या स्मृतीची रचनाच अशी आहे की लिहिलेल्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी एक मोठा तुकडाच्या तुकडा कोरा करावा लागतो, आणि प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच कोरी होऊ शकते, म्हणून फोन नवं लिखाण मुद्दाम वेगवेगळ्या जागी पसरवत राहतो. जुनं तिथेच मागे पडून असतं, फक्त त्याचा पत्ता खोडलेला. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये म्हणूनच रीसेट, म्हणजे फोन पुसून कोऱ्या अवस्थेत नेणं, फसायचा. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये २१ वापरलेले फोन तपासले, तेव्हा रीसेटनंतरही अनेकांतून संदेश, संपर्क आणि खात्यांमध्ये शिरायच्या खुणा निघाल्या होत्या. नंतर तोडगा निघाला तो वेगळ्याच बाजूने. फोनमधलं सगळं पहिल्यापासून सांकेतिक रूपातच लिहायचं, आणि पुसायची वेळ आली की मजकूर राहू द्यायचा, किल्ली नष्ट करायची. आयफोनमध्ये अशा सोयीची सुरुवात २००९ च्या सुमारास झाली, अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या फोनना ते सक्तीचं झालं. पेटी तशीच ठेवून तिची एकुलती एक किल्ली वितळवून टाकायची, असला प्रकार. म्हणजे मी रीसेट दाबल्यावर माझं ते चपला घालून लिहिलेलं वाक्य काही काळ त्या चिपमध्ये, तिच्या हातात, तिच्या पर्समध्ये असणारच होतं. फक्त ते कधीच कुणाला वाचता येणार नव्हतं, मलासुद्धा.

अर्थात हेही अर्धंच. ते वाक्य तिसरीच्या फोनमध्ये आहेच. आणि माझ्या नव्या फोनमध्येही आहे, कारण जुन्यातलं सगळं मी एका रात्रीत नव्यात ओतून घेतलं होतं. संदेश दोन टोकांमध्ये कडेकोट बंद असतात असं आपल्याला सांगतात, ते खरंही आहे. पण दोन टोकं असतात म्हणजेच प्रत्येक वाक्याच्या दोन प्रती असतात आणि दुसरी प्रत आपल्या ताब्यात नसते. तिसरीने उद्या तिचा फोन कुणाला विकला तर? तिने तो कसा पुसावा हे मी सांगायला जाणार का? तेव्हा मी जे करत होते ते गुपित नष्ट करणं नव्हतंच. एका विशिष्ट वस्तूमधून, जी आता तिच्या उशाशी राहणार होती, मी स्वतःला काढून घेत होते.

बाकीची कामं कंटाळवाणी, पण क्रमाने करावी लागतात. नव्या फोनवर सगळं आलंय ना ते फक्त 'झालं' या शब्दावर विश्वास न ठेवता उघडून बघायचं. दुहेरी पडताळणीचे आकडे देणारं अ‍ॅप आधी हलवायचं, कारण त्याची गुपितं अनेकदा फोनमध्येच राहतात आणि फोन पुसल्यावर आपणच आपल्या खात्याबाहेर उभे. बँकेचं अ‍ॅप नव्यावर सुरू झाल्याची खात्री. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, असेल तर तेही नव्यावर. घड्याळ आणि कानातलं यंत्र यांची फोनशी असलेली जोडणी सोडवायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पुसण्याआधी खातं काढायचं. चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून आयफोनमध्ये २०१३ ला आयओएस ७ बरोबर आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ ला ५.१ आवृत्तीबरोबर कुलूप आलं. खातं तसंच ठेवून भलत्या मार्गाने रीसेट झालेला फोन नव्या मालकिणीसमोर जुन्या मालकिणीचा पासवर्ड मागत अडून बसतो. तिने बिचारीने रात्री अकराला फोन करून "तुझा पासवर्ड काय गं?" असं विचारावं, ही कल्पनाच मला नको होती.

या सगळ्यात मला थांबवलं ते कीबोर्डच्या शिकलेल्या शब्दांनी. खाती काढायच्या आधी सहज एका कोऱ्या पानावर एक अक्षर टाइप केलं तर वर तीन शब्द सुचवले गेले. मी मधला दाबला, त्याने पुढचा सुचवला, मी तोही दाबला. दाबत गेले. 'निघाले आहे पोचल्यावर फोन करते जेवलीस का नंतर बोलू' असं एक सलग वाक्य तयार झालं. अर्थ काही नाही, पण लकब माझी. माझी चुकीची शुद्धलेखनंही त्याने शब्द म्हणून पदरात घेतली होती. फोटोंचं मला काही वाटलं नाही, ते नव्यात आहेतच. गजरांची नावं वाचताना हसू आलं. 'ऊठ', 'खरंच ऊठ', 'आता तरी'. पण हे सुचवणारं, माझ्या अर्ध्या शब्दावर पुढचा शब्द पुढे करणारं, हे काही मी हलवून घेतलं नव्हतं. नव्या फोनला अजून माझं बोलणं येत नाही.

रीसेट दाबला. काही मिनिटांत पडद्यावर स्वागताचा शब्द आला, मग तोच दुसऱ्या भाषेत, मग तिसऱ्या. जगातल्या कुणाचाही असू शकेल असा फोन. फक्त तळहाताला तो अजून कोमट लागत होता, आणि आयएमईआयचा, म्हणजे त्या फोनच्या स्वतःच्या ओळखीचा, पंधरा आकडी क्रमांक तोच राहिला होता, कारण तो रीसेटने जात नाही. तो बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि बिल खोक्यात ठेवलं. मऊ कापड, त्यावर थोडं अल्कोहोल, कापड ओलं पण टपटपणारं नाही. पुसून घेतला.

ठरलेल्या दिवशी ती आली आणि आश्चर्य म्हणजे वेळेवर आली. मी यादी सुरू केली. पडदा राखाडी करून कीबोर्डची सावली दाखवली, तिला ती दिसेना. मी फोन तिरका करकरून, उजेड वाढवून ती तिला दिसेपर्यंत सोडलं नाही. सिमचा ट्रे काढून टॉर्च मारला. बॅटरीचं सांगितलं, पाण्याजवळ नेऊ नकोस म्हटलं, सुरक्षा अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत मिळणार आहेत तेही सांगितलं. आजकालच्या काही वरच्या फोनना सात-सात वर्षं अपडेट देतात, या फोनला तेवढं भाग्य नव्हतं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरचं 'तुझाच आहे ना' हळूहळू उतरत गेलेलं मला दिसलं. शेवटी ती म्हणाली, "एवढं वाईट आहे तर मला कशाला विकतेयस?" मी म्हटलं, "वाईट नाहीये, चांगला आहे." "मग हे सगळं काय सांगतेयस मघापासून?" सगळं खरं सांगितलं की वस्तू आहे त्याहून वाईट दिसते, ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. अनोळखी माणूस न सांगितलेल्याचे पैसे कापतो. ती सांगितलेल्याने घाबरली.

मग पैशांवरून झालं ते तर वेगळंच. मी माझा आकडा सांगितला, तो यादीतल्या सगळ्या दोषांचे पैसे वजा करून. ती म्हणाली, एवढा कमी का, दया करतेस का माझ्यावर? तिने वरचा सांगितला. मी म्हटलं, तेवढे घेणार नाही, बॅटरी बदलावी लागेल तुला. ती एक पायरी उतरली, मी एक चढले. घासाघीस उलट्या दिशेने करायची म्हणजे दोघींनाही सवय नाही, त्यामुळे मध्येच एकदा मी चुकून तिच्या आकड्याच्याही वर गेले. तिथे दोघी हसलो आणि कुठल्यातरी मधल्या आकड्यावर मिटलं. अजूनही मला वाटतं ती जास्त देऊन गेली, आणि तिला वाटतं मी कमी घेतले.

फोन पर्समध्ये टाकता टाकता तिने त्या दिवसाचा पहिला खरा प्रश्न विचारला. "यात माझं पण असेल ना सगळं?" मी हो म्हटलं. "ते सगळं गेलं ना?" मला उत्तर द्यायला एक क्षण लागला. इतके दिवस मी माझी वाक्यं तिच्यापासून लपवत होते. त्याच फोनमध्ये तिची किती होती! तिने पाठवलेला तिच्या तपासणीचा रिपोर्ट, डॉक्टरकडे जायच्या आधी 'घाबरू का सांग' असं विचारत. एका वाईट रात्रीचा तिचा लांबलचक आवाजी निरोप, ज्यात मध्ये मध्ये नुसता श्वास आहे. तिच्या कुठल्याशा खात्याचा पासवर्ड, मला काहीतरी भरून द्यायला सांगताना दिलेला. हे सगळं तिचं, पण ठेवलेलं माझ्याकडे. "या फोनमधून गेलं," मी म्हटलं, "माझ्याकडे आहे." ती म्हणाली, "मग ठीक." बॅटरीचं तिने विचारलं नव्हतं, पाण्याचं नव्हतं, हे विचारलं. कदाचित तिलाही एखादी तिसरी असेल आणि तिला माझ्या जागी स्वतःला बघता आलं असेल. किंवा नसेल, नुसती सावधगिरी असेल.

ओळखीत फोन विकला की तो व्यवहार कधी पुरा होत नाही, हे मला लोकांनी आधी सांगितलं होतं. खरं आहे. आता तिचा फोन गरम झाला की कळतं मला, हँग झाला की कळतं, कॉल मध्येच तुटला की "तुझा फोन ना…" अशी सुरुवात होते. महिन्याभराने तिने बॅटरी बदलून घेतली. बिलाचा फोटो मला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मी निम्मे पैसे पाठवले, तिने ते परत पाठवले, मी पुन्हा पाठवले, तेव्हा कुठे राहिले. दुरुस्तीवाल्याने म्हणे ती गुलाबी कड बघून मान हलवली. तिने त्याला सांगितलं, "माहितीये मला," आणि हे मला सांगताना तिचा आवाज जरा फुशारकीचा होता.

परवा तिने तिचा तो बंद पडणारा जुना फोन काढला. सुट्या भागांसाठी कुणीतरी घेतोय, तेव्हा पुसायचा कसा ते सांग म्हणाली. मी हात पुढे केला. "दे इकडे, दोन मिनिटांचं काम आहे." तिने फोन छातीशी धरला.

"नको, तू नुसतं सांग. मी करते."

मी सांगत गेले. सेटिंगमध्ये जा, खाली जा, खाती. आधी खातं काढ, मग पूस, उलटं करू नकोस. मध्येच ती थांबली आणि अंगठ्याने काहीतरी वर वर सरकवत वाचायला लागली. चार्जरची वायर लावून ठेवलेली होती, तेवढ्या अंतरात फिरून तिने माझ्याकडे पाठ केली.

"सापडलं का?" मी विचारलं.

"सापडतंय. तू तिकडे बघ."